डॉ. जॉन विल्सन : आपल्याला हिब्रू व्याकरण देणारे पाद्री



सिंगापुरात बुकित तिमाह भागात आमच्या शेजारी एक चिनी ख्रिस्ती बाई राहतात. वयाने माझ्याएवढ्याच. गेल्या वर्षी त्यांनी हिब्रू मुळाक्षरे गिरवायला घेतली. येथील अप्पर बुकित तिमाह रस्त्यावर ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे मोठे विद्यालय आहे, ट्रिनिटी थिऑलॉजिकल कॉलेज. परंतु बाई तेथे जात नाहीत, घरीच पुस्तक उघडून बसतात. मी पडले शिक्षिका, त्यातून यहुदी, म्हणून अडले की वही घेऊन माझ्याकडे येतात. एके दिवशी त्यांनी सहज विचारले की, हिंदुस्थानात तुमच्या लोकांना हिब्रू कोणी शिकवले. उत्तर देताना मला थोडे हसू आले. कारण कोचीनच्या यहुदी गुरुजींची नावे सांगून झाल्यावर एका ख्रिस्ती पाद्र्याचे नाव सांगितल्याशिवाय ते उत्तर पुरे होत नव्हते.

ते पाद्री म्हणजे डॉ. जॉन विल्सन. मुंबईच्या चौपाटीवरील विल्सन कॉलेज आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. काहीजण तेथे शिकलेही असतील. परंतु ज्यांचे नाव त्या कॉलेजला आहे त्यांचा आपल्या समाजाशी काय संबंध होता, हे आता आपल्या मुलांना ठाऊक नाही. म्हणून त्यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

विल्सन यांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजी स्कॉटलंडमधील लॉडर या लहानशा गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. चौदाव्या वर्षी ते एडिंबरो विद्यापीठात शिकावयास गेले. त्या काळच्या स्कॉटिश लोकांची धर्मवृत्ती कशी होती हे समजून घेतल्याशिवाय विल्सन समजणार नाहीत. त्यांच्या प्रार्थनामंदिरात मूर्ती नसे, चित्र नसे. उपासनेत दाविदाची स्तोत्रे गायिली जात. आठवड्याचा विश्रांतीचा दिवस ते इतका कडक पाळीत की त्या दिवशी कामधंदा आणि करमणूक दोन्ही बंद. तो दिवस आपला शनिवार नसून रविवार होता, एवढाच फरक. मुलांची नावे अब्राहाम, इसहाक, दावीद अशी ठेवीत. अशा घरात वाढलेल्या मुलाला मोशे आणि संदेष्टे परके वाटण्याचे कारणच नव्हते.

१८२८ साली त्यांना पाद्रीपणाची दीक्षा मिळाली आणि त्याच वर्षी मार्गारेट बेन या सुविद्य मुलीशी त्यांचा विवाह झाला. स्कॉटिश मिशनरी सोसायटीने त्यांना हिंदुस्थानात पाठविले आणि फेब्रुवारी १८२९ मध्ये हे जोडपे मुंबईस उतरले. स्कॉटिश मिशनची ठाणी तेव्हा कोकणात बाणकोट व हर्णै येथे होती. तेथे जाऊन दोघांनी मराठीचा अभ्यास केला आणि काही महिन्यांतच विल्सन मराठीतून बोलू लागले. पुढे ते मुंबईस कायमचे राहिले. मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. मुलीने पाटी हातात धरणे हेच ज्या काळी अघटित समजत, त्या काळची ही गोष्ट आहे. १८३५ साली, मुंबईत येऊन जेमतेम सहा वर्षे होतात तोच, त्या वारल्या.

आता त्या काळी आपल्या समाजाची स्थिती काय होती ते पाहू. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलेली मशीद १७९६ पासून उभी होती. परंतु समाजाचा मोठा भाग कोकणातच, अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या बाजूच्या गावांतून विखुरलेला होता. कोणी घाणा चालवून तेल काढी, कोणी शेती करी, कोणी कंपनी सरकारच्या पलटणीत होता. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावकरी आपल्याला शनवार तेली म्हणत. मुलाची सुंता आठव्या दिवशी होत असे, शेमा तोंडपाठ असे, नव्याचा सण आणि दारफळणीचा सण घरोघरी पाळला जाई. परंतु हे सर्व आजीकडून नातवाकडे तोंडी चालत आलेले. पुस्तक वाचून अर्थ सांगू शकेल असा माणूस गावात विरळाच. १८२६ च्या सुमारास कोचीनहून यहुदी शिक्षक येऊ लागले आणि त्यांनी प्रार्थनेचा पाठ शिकविण्यास आरंभ केला. पुढे शेलोमो सालेम शुर्राबी या कोचीनच्याच गुरुजींनी या कामी आपले आयुष्य वेचले. त्यांचे ऋण आपल्यावर पहिले आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे.

अशा वेळी विल्सन मुंबईत आले. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ पासूनच तेथे होते. त्यांच्या शाळांतून आपली मुले जात होती, आणि त्यांनी मराठीत छापलेल्या शास्त्राच्या भागांतून आपल्या पूर्वजांना अब्राहाम-मोशेची कथा आपल्या भाषेत वाचावयास मिळू लागली होती. विल्सन यांनी पुढचे पाऊल टाकले. १८३२ साली त्यांनी बेने इस्राएल लोकांसाठी म्हणून हिब्रू भाषेचे मूलव्याकरण मराठीतून तयार करून छापले. त्याच वर्षी त्यांनी मुंबईत इंग्रजी शाळाही काढली. तिचीच वाढ होत होत पुढे विल्सन कॉलेज झाले.

या १८३२ सालाकडे जरा लक्ष द्या. त्याच वर्षी मोरभट दांडेकर नावाच्या विद्वान ब्राह्मणांशी विल्सन यांचा वाद रंगला होता आणि त्यांना उत्तर म्हणून विल्सन यांनी हिंदू धर्माचे खंडन करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे १८४३ साली पारशी धर्मावर टीका करणारा मोठा ग्रंथ लिहिला. म्हणजे हिंदूंच्या वाट्याला खंडन आले, पारशांच्या वाट्याला खंडन आले, आणि आपल्या वाट्याला मात्र व्याकरण आले. हा भेद कशामुळे?

याचे उत्तर विल्सन यांच्या धर्मसमजुतीत आहे. येशू हा यहुदी आईच्या पोटी जन्मला, आठव्या दिवशी त्याची सुंता झाली, तो शब्बाथला सभास्थानात जाई आणि पेसाहच्या सणाला यरुशलेमला जाई. त्याचे पहिले शिष्य सर्व यहुदी होते. त्याच्या तोंडी जे शास्त्र होते ते तोरा, नेविईम आणि तेहिलीम हेच होते. तेव्हा हे शास्त्र ज्याला समजत नाही त्याला ख्रिस्ती शुभवर्तमानही समजावयाचे नाही, अशी विल्सन यांची पक्की धारणा होती. ती त्यांच्या एकट्याची नव्हती. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या माणसाने, यहुद्यांचे शास्त्र ख्रिस्ती लोकांनी टाकून द्यावे, असा पंथ काढला होता. त्या वेळच्या मंडळीने त्यालाच बाहेर काढले आणि आपले शास्त्र आपल्याजवळ ठेवले. घर बांधून झाल्यावर पाया उकरून टाकता येत नाही, एवढे त्यांना कळले होते.

आपल्या बोलीत सांगावयाचे तर यहुदी धर्म हे ख्रिस्ती धर्माचे माहेर आहे. सासरी कितीही वैभव असो, लेकीच्या बोलण्यात, सणावारात, स्वयंपाकात माहेर डोकावतेच. त्यांची भाकर आणि द्राक्षारस आपल्या शब्बाथच्या व पेसाहच्या मेजावरून गेले, आमेन आणि हालेलुया हे शब्द आपल्या प्रार्थनेतून गेले, मसीहा ही कल्पना आपल्याकडून गेली. माहेर ठाऊक नसेल तर या गोष्टींचा अर्थ कळत नाही. त्या नुसत्या रीती उरतात.

विल्सन यांना माहेराचा रस्ता ठाऊक होता, हे त्यांचे मोठेपण. परंतु माहेरी आता कोणी राहत नाही, नुसते जुने घर उरले आहे, अशी त्यांची समजूत होती. यहुदी लोकांनी आपले शास्त्र नीट वाचले की ते आपोआप ख्रिस्ती होतील, या आशेने त्यांनी हिब्रू शिकविले. हे लपविण्यात अर्थ नाही. त्यांनी स्वतःही ते लपविले नाही. बेने इस्राएल लोकांच्या ख्रिस्ती शिक्षणासाठी मदत मागणारी पुस्तिकाच त्यांनी पुढे प्रसिद्ध केली.

ही आशा पोकळ नव्हती. १८३९ साली त्यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज खवळला, प्रकरण कोर्टात गेले, आणि पालकांनी भराभर मुले शाळेतून काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत याला मात्र कोर्टाने वडिलांच्या ताब्यात दिले. असे प्रसंग घडत असताना आपल्या वडीलमंडळींच्या मनात काय कालवाकालव झाली असेल याची कल्पना करावी. शिक्षण हवे तर मुलाला पाद्र्याच्या शाळेत घालणे भाग, आणि घालावे तर मुलगा घरचा राहील की नाही ही धास्ती.

तरीही त्यांनी मुले घातली. आणि झाले काय? आपल्यातून ख्रिस्ती झालेले लोक फारच थोडे निघाले. मुलांनी हिब्रू आत्मसात केली आणि ती घेऊन ती मशिदीत गेली.

१८४३ च्या आरंभी विल्सन स्वदेशी निघाले ते इजिप्त, सिनाय आणि एरेत्झ इस्राएल या मार्गाने. धनजीभाई नवरोजीही बरोबर होते. पेत्रा, यरुशलेम, नाब्लुस असा प्रवास करीत त्यांनी जागोजागच्या यहुद्यांची आणि शोमरोनी लोकांची माहिती गोळा केली. त्या प्रवासाचे वर्णन द लँड्स ऑफ द बायबल या नावाने १८४७ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाले. पौर्वात्य यहुद्यांची माहिती देताना त्यांनी त्यात कोकणातील आपल्या समाजालाही जागा दिली. आपल्या चालीरीती, नावे, सण यांविषयी त्यांनी पूर्वीही मुंबईत लिहिले होते. आपले लोक स्वतःला यहुदी न म्हणता बेने इस्राएल म्हणवितात, यावरून आपला संबंध हरवलेल्या दहा वंशांशी असावा, असा त्यांचा तर्क होता. हा तर्क सर्वांना मान्य झाला नाही. परंतु अलिबागच्या घाण्यावर बसलेल्या आपल्या पूर्वजांची नोंद यरुशलेमच्या वर्णनाबरोबर एकाच ग्रंथात झाली, ही गोष्ट लहान नव्हे.

त्याच सुमारास स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली होती. विल्सन नव्या फ्री चर्चला मिळाले आणि मुंबईतील आपली जुनी इमारत सोडून त्यांना शाळा पुन्हा उभारावी लागली. १८४५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. १८४६ मध्ये इझाबेला डेनिस्टन यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला, आणि १८४७ मध्ये ते मुंबईस परतले. विद्येच्या बाबतीत त्यांचा आवाका मोठा होता. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे ते अनेक वर्षे अध्यक्ष होते. गिरनार येथील अशोकाच्या शिलालेखाचा ठसा त्यांनी जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे पाठविला होता. पश्चिम हिंदुस्थानातील लेण्यांची पाहणी करणाऱ्या मंडळाचेही ते प्रमुख होते. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, त्याचे ते १८६८ मध्ये कुलगुरू झाले. १८७० साली स्कॉटलंडच्या फ्री चर्चने त्यांना आपल्या महासभेचे अध्यक्षपद दिले. ते पद भूषवून ते पुन्हा मुंबईस आले, आणि १ डिसेंबर १८७५ रोजी मलबार हिलवरील आपल्या घरी त्यांनी देह ठेवला. शेवटची माती त्यांना मुंबईचीच मिळाली.

त्यांनी लावलेल्या झाडाला कोणते फळ आले हे पाहावयाचे असेल तर जोसेफ इझिकेल राजपूरकर यांच्याकडे पाहावे. यांचा जन्म १८३४ चा, शिक्षण फ्री जनरल असेंब्लीच्या शाळेत, म्हणजे विल्सन यांच्याच संस्थेत. १८५६ साली ते डेव्हिड ससून यांच्या विद्यालयात शिक्षक झाले, पुढे मुख्याध्यापक झाले, आणि तेथेच त्यांनी उभे आयुष्य काढले. मुंबई विद्यापीठात ते हिब्रूचे परीक्षक होते. आपल्या प्रार्थनांची मराठी भाषांतरे त्यांनी एकामागून एक केली. आपल्या आजी-आजोबांच्या घरी तांबड्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली, एका बाजूस हिब्रू आणि दुसऱ्या बाजूस मराठी अशी जी तेफिलांची पुस्तके असत, त्या परंपरेचे ते एक मोठे कर्ते. मिशनच्या शाळेत मिळालेली विद्या अशी मशिदीच्या कामी आली. विल्सन यांनी बी पेरले एका हेतूने. उगवले ते आपल्या मातीच्या गुणाने.

आणखी एक योग पाहा. ज्या १८७५ साली विल्सन वारले त्याच साली हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत इस्राएलाइट स्कूलची स्थापना केली. हीच शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने प्रसिद्धीस आली. आता आपल्या मुलांना हिब्रू शिकण्यासाठी पाद्र्याच्या दारी जाण्याची गरज उरली नाही. जणू एका गुरुजींनी खडू खाली ठेवला आणि घरच्या माणसाने तो उचलला.

मग विल्सन यांचे ऋण मानावे की मानू नये? माझ्या मते मानावे, आणि डोळे उघडे ठेवून मानावे. यहुदी धर्म समजून घेणे ख्रिस्ती माणसाला आवश्यक आहे, हे त्यांनी ओळखले. एवढेच नव्हे तर त्यासाठी रात्रंदिवस कष्ट घेतले. त्यांचे चुकले ते एके ठिकाणी. त्यांनी आपल्या धर्माला प्रस्तावना समजले. पुस्तकाची प्रस्तावना वाचून झाली की मनुष्य पान उलटतो आणि पुन्हा मागे येत नाही. मराठी ख्रिस्ती लोक आपल्या शास्त्राला जुना करार म्हणतात. जुना हा शब्द दोन प्रकारे वापरता येतो. सदरा जुना झाला की टाकून देतात. विहीर जुनी असली तर तिच्यावर गाव जगते. कोणत्या अर्थाने जुना म्हणावयाचे यावर पुष्कळ अवलंबून आहे.

किती अवलंबून आहे ते युरोपात दिसले. यहुद्यांचा करार संपला, देवाने त्यांना टाकले, असे शतकानुशतके व्यासपीठावरून ऐकत आलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत साठ लाख यहुदी मारले गेले आणि फार थोड्यांनी हात पुढे केला. हे पाप नाझींचे होते. परंतु शेजाऱ्याची मने त्यापूर्वीच कोरडी झालेली होती. त्या संहारात पत्नी व मुलगी गमावलेले फ्रेंच इतिहासकार ज्यूल इझाक यांनी १९६० साली पोप तेविसावे योहान यांची भेट घेऊन, ही शिकवण बदलावी अशी विनंती केली. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी रोमन कॅथलिक चर्चने व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेत जाहीर केले की येशूच्या मृत्यूचा दोष समस्त यहुदी लोकांवर ठेवता येणार नाही, यहुदी लोक देवाने टाकलेले आहेत असे शिकवू नये, आणि दोन्ही धर्मांनी एकमेकांना अभ्यासाने ओळखावे. प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला लिहिताना जैतून झाडाचा दाखला दिला होता, त्याचीही आठवण तेव्हा झाली. कलम केलेल्या फांदीने मुळावर तोरा मिरवू नये, कारण फांदी मुळाला धरून असते, असा त्याचा भावार्थ. पौलाला हे लिहून एकोणीसशे वर्षे होऊन गेली होती.

विल्सन यांना मूळ दिसले होते. ते मूळ अजून जिवंत आहे, त्याला स्वतःची पालवी फुटते, हे मात्र दिसले नाही. आणि गंमत अशी की त्या पालवीला पाणी घालणाऱ्यांत ते स्वतःच होते.

आपणही यातून काही घेण्यासारखे आहे. आपले पूर्वज परक्याच्या शाळेत निर्भयपणे गेले, कारण घरी शुक्रवारचा दिवा लागत होता आणि शेमा म्हटला जात होता. घरचा दिवा लागलेला असला की बाहेरची विद्या घातक होत नाही, उपयोगी पडते. आज आपली मुले लोद, अश्दोद, दिमोना येथे हिब्रूच बोलतात. त्यांना हिब्रूसाठी कोणाचे उपकार घ्यावे लागत नाहीत. परंतु मराठी पाने वाचणारे कमी होत चालले आहेत, आणि ज्या मराठीतून आपल्याला हिब्रूची कवाडे उघडली गेली ती मराठी आता आपल्याच घरात पाहुणी झाली आहे. याचाही विचार व्हावा.

शेजारच्या बाई आता तेहिलीममधील ओळी अडखळत का होईना वाचतात. त्यांना माझ्या धर्मात यावयाचे नाही, मला त्यांच्या धर्मात जावयाचे नाही. परवा त्यांनी पुसले की, येशूच्या घरी शुक्रवारी संध्याकाळी काय होत असेल. मी त्यांना आमच्याकडे शुक्रवारी बोलाविले. दिवे लागले, किद्दुश झाला, भाकर मोडली. त्या गप्प बसून पाहत होत्या. डॉ. विल्सन यांच्या व्याकरणात जो धडा नव्हता, तो बहुधा हाच असावा.

— एक निवृत्त शिक्षिका,
बुकित तिमाह, सिंगापूर